भांगेचा एक पेला

ब्रिटिश सरकारी नोकरीच्या सुरक्षा तपासणीत स्वरालीनं खरं ते लिहून टाकलं: सात वर्षांपूर्वी, महाशिवरात्रीला, नागपूरच्या आत्याकडे भांग घातलेली थंडाई, एक पेला, पुन्हा कधी नाही. आता नोकरी हातची जाणार, असंच धरून ती लंडनमधल्या क्रॉयडनला मुलाखतीला गेली. पण तपासणाऱ्या बाईंना कुतूहल भलत्याच गोष्टीचं.

"हे तुम्ही कोणापासून लपवलंय?"

"आईपासून."

"मग आजच सांगा. लपवलेल्या गोष्टीवरूनच माणसाला धमकावता येतं."

बाहेर येताच तिनं भीत भीत पिनरच्या घरी फोन लावून आईला सगळं सांगितलं.

"अगं, त्या दिवशी आत्यानं भरलेला दुसरा पेला माझा होता," आई कुजबुजली. "बाबांना मात्र सांगू नकोस हं!"