टेक्लाची तपकिरी गोळी

अग्रिपिनाने टेक्लाचा व्हिडिओ तिसऱ्यांदा लावला. सगळं रोजच्यासारखंच होतं. खिडकीतली जेरेनियमची कुंडी, कोपऱ्यात मेरीमातेची तसबीर, तिच्यापुढे तेवणारा दिवा. टेक्लाने पांढऱ्या गोळ्या एकेक करून गिळल्या, शेवटची मऊ तपकिरी गोळी जिभेवर ठेवली, तसबिरीकडे तोंड फिरवून क्रुसाची खूण केली आणि मग पाणी प्यायली. "घेतल्या गं बाई," म्हणत हसली. व्हिडिओ संपला.

अग्रिपिनाने मागचे व्हिडिओ काढले. सोमवारी, मंगळवारी टेक्ला सरळ समोर बघत होती. तोंड फिरायचं ते फक्त बुधवारी आणि शुक्रवारी.

बुधवार-शुक्रवार अग्रिपिनाचेही उपासाचे. लहानपणापासून या दोन दिवशी मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. त्या तपकिरी गोळीचं कवच कशाचं असतं, हे नर्स असून तिच्या कधी मनात आलं नव्हतं. टेक्लाच्या मनात आलं असणार.

प्रूत नदीकाठच्या तीन गावांना आता अग्रिपिना ही एकटीच नर्स होती. बाकीचे दोन दवाखाने सरकारने बंद केले. पूर्वी क्षयरोग्याला वर्षभर शहरातल्या इस्पितळात डांबून ठेवायचे. आता नवी औषधं आली, घरीच घ्यायची, नर्सने फोनवर बघायचं. सोय मोठीच. पण टेक्लाचा क्षय साध्या औषधांना न जुमानणारा. उपचाराच्या नऊ महिन्यांतले पाच झाले होते. हीही औषधं फुकट गेली, तर पुढे द्यायला काही उरत नव्हतं.

तिने स्वेटर चढवला आणि निघाली.

टेक्ला अंगणात अक्रोड फोडत बसली होती. सहासष्ट वर्षांची बाई, नवरा गेलेला, लेक इटलीत. आजारपणापासून तिच्या अंगणात कुणी फिरकत नसे. आलं तरी पाण्याचा घोट घेत नसे.

"मावशी, आज शुक्रवार. तपकिरी गोळी कुठे टाकलीस?"

टेक्लाचा हात थांबला. ती उठली, आत गेली आणि तसबिरीमागून मोहरीच्या चटणीची एक रिकामी बरणी घेऊन आली. तळाशी तपकिरी गोळ्या होत्या, अकरा तरी.

"टाकेन कशाला? औषध आहे. टाकलं तर पाप लागेल."

"आणि थुंकलं तर?"

"पोरी, त्याचं कवच हाडं उकळून करतात. पाद्रीबाबाच म्हणाले प्रवचनात, गोळ्या-चॉकलेटं घेताना वाचून घ्या, जिलेटिन म्हणजे हाडं. मी औषधाचा कागद भिंगाखाली धरून वाचला. आहे लिहिलेलं." तिने बरणी छातीशी धरली. "खोकल्यातून रक्त पडत होतं ना, तेव्हा मी मेरीआईला म्हटलं होतं, मला उठव, मरेपर्यंत बुधवार-शुक्रवारी जनावराचं काही तोंडात जाऊ देणार नाही. तिनं उठवलं. आता तिला फसवू?"

"आणि मला?"

टेक्लाने मान खाली घातली. "तुझं वाईट वाटायचं गं. म्हणून तर हसायचे."

"हे जंतू शिकतात, मावशी. औषध मधेच सुटलं की निर्ढावतात. मग माझ्या कपाटात काही नाही. शहरातही नाही."

"मग आईची इच्छा."

लहानपणी एकदा अग्रिपिना तापाने फणफणली असताना शुक्रवारी तिच्या आईने दुधाचा पेला पुढे केला, तर तिने भिंतीकडे तोंड केलं होतं. नेम धरलेल्या माणसाला नेम मोड म्हणून सांगणं किती कठीण, हे नेम धरणाऱ्यालाच कळतं.

ती तडक पाद्री हारालाम्बिएंकडे गेली. ते घरामागे द्राक्षं चिरडत होते. हात कोपरापर्यंत जांभळे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आजाऱ्याला उपास नसतो. जाऊन सांग तिला."

"ती म्हणेल, पाद्रीबाबांचं मन हळवं आहे, म्हणून सांगतात. आणि जिलेटिनचं प्रवचन कुणी केलं होतं, बाबा?"

"मी शाळकरी पोरांच्या चॉकलेटांबद्दल बोललो होतो!"

"टेक्लामावशीने सगळं ऐकलं."

पाद्रीबाबा आपल्या हातांकडे बघत राहिले. मग हात न धुताच अग्रिपिनाबरोबर निघाले.

टेक्लाने त्यांना बघितलं आणि आधीच सांगून टाकलं, "मला सूट नको, बाबा. सूट ठेवून नवस बोलले नव्हते मी."

"बरं. नाही देत सूट." ते अक्रोडांच्या टरफलांमधे बाकावर टेकले. "ही रोज विचारते, गोळ्या घेतल्यास का. तू म्हणतेस, घेतल्या. खरं बोलतेस?"

टेक्लाने बरणी त्यांच्यापुढे ठेवली.

"कितीदा खोटं बोललीस?"

"बरणीत आहेत तितक्यांदा."

"मग त्याचं प्रायश्चित्त नको?"

टेक्ला डोक्यावरचा रुमाल सारखा करून गुडघ्यांवर बसली. "द्या."

"दर बुधवारी, दर शुक्रवारी ही गोळी गिळायची. आवडो न आवडो. आज्ञा पाळणं उपासापेक्षा मोठं, असं जुने साधू सांगून गेलेत. नवसाचं ओझं आता माझ्या डोक्यावर. वर गेल्यावर उत्तर मी देईन."

मग टेक्ला पुटपुटली, "लबाड आहात, बाबा."

"आहेच. ऊठ आता, गुडघे दुखतील."

"मलाही सांगायचंय," अग्रिपिना म्हणाली. "दीड महिना मी व्हिडिओ पुरते न बघताच वहीत 'गोळ्या घेतल्या' अशी खूण करत होते. तीन गावं, वेळच पुरत नाही..."

पाद्रीबाबांनी तिच्याकडे प्रेमाने पाहिलं. "मग तू बुधवार-शुक्रवार इथे येऊन बघायचं. फोनवर नाही. पायी."

त्या दिवशी अग्रिपिनाने वहीत खरं ते लिहिलं. शहरातले डॉक्टर फोनवर खूप बोलले, तिने ऐकून घेतलं. टेक्लाची थुंकी तपासली. नशिबाने जंतू दिसले नाहीत. औषध तेच राहिलं, फक्त मुदत वाढली.

बुधवारी ती चिखल तुडवत पोचली, तेव्हा टेक्ला टेबलाशी बसून होती. समोर घेवड्याचं बिनतेलाचं सार, शेजारी बशीत गोळी. दोन चमचे सार पोटात गेलं, मग तिने डोळे मिटून गोळी गिळली. आणि आ वासला.

"बघ नीट. जीभ उचलू?"

"उचल."

टेक्लाने उचलली. मग तोंड मिटून तसबिरीकडे न बघता बसली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिने पुसलं नाही. मनातल्या मनात अग्रिपिनाने टेक्लाच्या वाटची प्रार्थना म्हटली.

थोड्या वेळाने टेक्लाने दुसरं वाडगं काढलं, हातात घेऊन अडखळली, पुन्हा फळीवर ठेवायला निघाली.

"मावशी, माझाही आज उपास आहे," अग्रिपिना म्हणाली. "वाढ ना."

टेक्लाने वाढलं. अग्रिपिनाने पाव मोडून सारात बुडवला.

"मीठ कमी झालंय."

"शुक्रवारी जास्त घालते," टेक्ला म्हणाली.