तीन घरांचा पाईप

मी पाईप बोलतोय. हिरवा, साठ फुटी, चार ठिकाणी सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधलेला. जालन्यातल्या एका गल्लीत तीन घरांच्या मधोमध थोडी मोकळी जागा आहे, तिथं माझा मुक्काम.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. फार उकडत होतं, एवढंच आठवतं. मग दुकानाबाहेर वेटोळं घालून दोन उन्हाळे काढले आणि एके दिवशी महेमूदभाईंनी मला खांद्यावर टाकून इथं आणलं. ते लोखंडी गेट बनवतात. त्यांच्या घरात एकही वस्तू वाकडी नाही, एक मी सोडून.

ही जागा आधी उकिरडा होती. तिन्ही घरांनी मिळून ती साफ केली आणि वाटून घेतली. रिटायर कंडक्टर काकासाहेबांनी चुन्याच्या रेघा मारल्या, जणू सीट नंबरच टाकले! पण पुदिन्याला रेघ कळते होय? महेमूदभाईंच्या बायकोचा, हसीनाभाभींचा पुदिना बघता बघता काकासाहेबांच्या मिरच्यांत शिरला. रेघा पुसल्या त्या पुसल्याच. बोअर काकासाहेबांचा, माती ज्याची त्याची आणि मी सगळ्यांचा.

तिसरा वाफा शिवणकाम करणाऱ्या मालनबाईंचा. त्यात काकडीसारख्या वाळकाचा एकच वेल होता. जाफराबादकडचं माहेरचं शेत भावांनी विकलं, तेव्हा त्यांनी तिथून मूठभर बी आणलं होतं. मागच्या वर्षी वाळकं आली, गल्लीभर वाटली. राखून ठेवलेलं बी मात्र उंदरांनी फस्त केलं. उरल्यासुरल्यातून यंदा हा एकच वेल वर आला. मालनबाई मशीनवरून उठून उठून त्याला बघून यायच्या.

अशात भोकरदनहून त्यांच्या लेकीच्या, रूपालीच्या बाळंतपणाचा निरोप आला. निघताना त्यांनी हसीनाभाभींना घरात सांगितलं, काकासाहेबांना बोअरपाशी आणि महेमूदभाईंना गल्लीच्या तोंडाशी. "तेवढं येलाकडं बघा बरं." तिघंही म्हणाले, "बिलकुल काळजी करू नका." आणि तिघांनाही वाटलं, हे काम आपल्या एकट्याचं.

मग काय! पहाटेची नमाज झाली की हसीनाभाभी मला ओढायच्या. दहाला पेपर वाचून काकासाहेब. संध्याकाळी कामावरून आल्या आल्या महेमूदभाई. मला ओरडावंसं वाटायचं, "अहो, आत्ताच प्यायलाय तो!" पण माझ्या तोंडातून पाण्याशिवाय काही निघत नाही.

दोष तरी कुणाला देऊ? ज्या गावात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, तिथल्या माणसाला झाड तहानेनं मरतं एवढंच ठाऊक. पाणी जास्त होऊनही ते मरतं, हे त्याच्या स्वप्नातही येत नाही. पानं पिवळी पडली तर तिघंही आपापल्या वेळी हळहळले, "ऊन लागतंय बिचाऱ्याला," आणि आणखी पाणी सोडलं. काळ्या मातीचा नुसता राबडा झाला.

बाराव्या दिवशी मालनबाई परतल्या. वेलाला हात लावला तर तो मुळासकट हातात आला. मूळ कुजून काळं पडलेलं. त्या तिथंच खाली बसल्या. "आईच्या शेतातलं तेवढंच राह्यल्तं," एवढंच म्हणाल्या.

"मी तर रोज पाणी घालून राह्यल्तो," काकासाहेब म्हणाले.

"म्या पण," महेमूदभाई म्हणाले.

हसीनाभाभी नवऱ्याकडं बघतच राहिल्या. "तुम्ही पण? मंग मी काय करून राह्यले होते?"

एरवी गल्ली हसून लोटपोट झाली असती. त्या दिवशी कुणी हसलं नाही. ते सगळं पाणी माझ्याच तोंडातून गेलं होतं. मला फार लाज वाटली.

एकाएकी हसीनाभाभी घरात धावल्या आणि एक डबा घेऊन आल्या. "आक्का, मागच्या साली तुम्ही वाळूक दिल्तं ना? त्याच्या बिया मी धुऊन सुकवल्या, शीरखुर्म्यात आतला मगज टाकायला. अर्ध्या ईदला सोलल्या. बाकीच्या सोलायचा कंटाळा आला, बघा!"

मालनबाईंनी बिया तळहातावर घेतल्या, वास घेतला आणि डोळे पुसता पुसता हसल्या. "भाभी, तुमचा कंटाळा लाख मोलाचा!"

त्याच दिवशी बी तिन्ही वाफ्यांत पेरलं. महेमूदभाईंनी दोन आकडे ठोकले, एक बोअरपाशी, एक वाफ्यांपाशी. ज्यानं पाणी घातलं, त्यानं मला वाफ्यांकडच्या आकड्यावर टांगायचं. मी तिकडं दिसलो की बाकीच्यांनी मागं फिरायचं. चौथ्या दिवशी मालनबाई मला परत बोअरपाशी आणतात.

परवा काकासाहेब सवयीनं पेपर ठेवून बोअरकडं निघाले. मी वाफ्यांकडच्या आकड्यावर होतो. मला बघून थबकले आणि म्हणाले, "बरं बाबा, कळलं."

इतक्या वर्षांत माझं म्हणणं पहिल्यांदा कुणी ऐकलं.

आता मला पाचवी पट्टी लागणार, हे दिसतंच आहे. खुशाल बांधा, पण एवढ्यात भंगारात घालू नका. तिन्ही वाफ्यांत वाळकं धरलीत. त्यांचं बी वाळून तीन घरांच्या तीन डब्यांत जाईपर्यंत तरी मला या आकड्यावर राहू द्या.