पोस्टरच्या कोपऱ्यातली आई

हेमा आपटे इतकी वर्षं सिनेमांत आईचं काम करत आल्या होत्या आणि बहुतेक सिनेमांच्या पोस्टरवर त्या होत्याही. कुठे, तर खाली उजवीकडे, निर्मात्याच्या नावाच्या जरा वर. कधी हात जोडलेल्या, कधी पदर डोळ्यांना लावलेल्या. वर आभाळभर नायकाचा चेहरा, त्याच्या खांद्याशी नायिका, मधोमध खलनायकाचे लालबुंद डोळे, आणि आई लिंबाएवढी. नवं पोस्टर चौकात लागलं की त्यांचे यजमान अनंतराव, बँकेतून निवृत्त झालेले, ते नीट निरखून घरी येत आणि म्हणत, "या खेपेला नाक दिसतंय. प्रगती आहे."

हेमाताई हसून सोडून देत. धंद्याची रीत त्यांना ठाऊक होती. लोक ज्याला ओळखतात त्याचं डोकं मोठं. विनोदी सिनेमा असेल तर मागे पिवळाधमक रंग आणि सगळ्यांची तोंडं वेडीवाकडी. रडका असेल तर निळसर अंधार आणि एक समई. माणूस बसच्या खिडकीतून पोस्टर बघणार तो एकदाच. तेवढ्यात त्याला कळायला हवं, आत हसायचंय की रडायचंय.

मग सुदर्शन आला. मूळचा नागपूरकडचा, हिंजवडीत सॉफ्टवेअरची नोकरी करून कंटाळलेला. राजीनामा देऊन त्याने सिनेमा करायला घेतला होता. गोष्ट हिंजवडीतल्याच एका बाईची. शेतावर काचेच्या इमारती उभ्या राहतात, मुलगा-सून आपापल्या वाटेने जातात, आणि पन्नाशीची ही बाई त्याच कंपन्यांची बस चालवायला शिकते. मुख्य काम हेमाताईंचं. आयुष्यात पहिल्यांदा.

"बस चालवतानाचे शॉट डमीवर घेऊ, ताई. तुमच्या जागी दुसरं कुणी चालवेल," सुदर्शन म्हणाला.

"डमी कशाला? मला शिकव की."

मांजरीजवळच्या एका मोकळ्या मैदानात त्या शिकल्या. शिकवायला दत्तोबा नावाचे जुने ड्रायव्हर होते. पहिल्या दिवशी ते ओरडले, "ओ ताई, क्लच हाय त्यो, पायपुसणं न्हाई!" हेमाताईंचे गुडघे सुजले, पण बस हलली. परवाना मिळाला तेव्हा त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मात्र त्यावरचा आपला फोटो त्या अधूनमधून काढून बघत.

सिनेमा पूर्ण झाला आणि पोस्टरची वेळ आली. वितरक श्यामसुंदर शेठ यांच्या लक्ष्मी रोडच्या ऑफिसात बैठक बसली. शेठनी आपण करवून घेतलेल्या पोस्टरचा कागद टेबलावर ठेवला. वर एका लोकप्रिय विनोदी नटाचं भलंमोठं डोकं होतं; सिनेमात तो दोन प्रसंगांत येऊन जातो. त्याच्या खाली मुलगा आणि सून पाठीला पाठ लावून उभे. आणि खाली उजवीकडे, हेमाताईंच्या अगदी ओळखीच्या जागी, हेमाताई.

"पण शेठ, सिनेमा तर ताईंचा आहे," सुदर्शन म्हणाला.

"सिनेमा आत दाखवा ना. बाहेर लोकांना आत आणायचंय. पन्नाशीची बाई वर टाकली तर कोण थांबेल?"

सुदर्शनने पोस्टरसाठी बोलावलेली अपूर्वा तिथेच होती. ती हिंजवडीतल्या एका कंपनीत वेबसाइटची पानं रचायची. माणसाची नजर आधी कुठे जाते, हाच तिचा रोजचा उद्योग. ती म्हणाली, "शेठ, तुमचा नियम मोडायचाच नाहीये. चेहरा मोठा, फोटो खालून घेतलेला, नजर थेट रस्त्यावरच्या माणसावर. सगळं हिरोसारखं. फक्त त्या जागी हेमाताई."

"ताईंनाच विचारू," शेठ म्हणाले. त्यांना उत्तराची खात्री होती. "तुम्ही जुन्या आहात. तुम्हाला कळतं काय चालतं ते."

हेमाताईंच्या तोंडून सवयीने निघणारच होतं, शेठ म्हणतात ते बरोबर आहे. शब्द ओठांवर आलेही. समोरच्या कागदावर त्यांनी पदर डोळ्यांना लावला होता. हा फोटो कुठला? या सिनेमात त्या एकदाही रडल्या नव्हत्या. मग लक्षात आलं. कुठल्यातरी जुन्या सिनेमातला फोटो उचलून इथे चिकटवला होता.

"शेठ," त्या म्हणाल्या, "या कोपऱ्यात मी उभं आयुष्य काढलं. तक्रार नाही, तेव्हा तेवढंच काम होतं. पण ही बस मी चालवलीय. स्वतः. त्यामुळे वर मी असेन. नसेन, तर पोस्टरवरच नको मला."

एवढ्या ठामपणे आपण कधी बोललो होतो, हे हेमाताईंनाही आठवेना. शेठनी कागद उलटा केला आणि ते म्हणाले, "बघू. काढा फोटो."

फोटो काढताना कॅमेरा समोर आला आणि हेमाताईंचा हात आपोआप पदराकडे गेला. अपूर्वा हसली. "पदर खोचा ताई. हात स्टिअरिंगवर. आणि माझ्याकडे असं बघा, जणू मी तुमच्या बससमोर गाडी घातलीय."

हेमाताईंनी बघितलं. अपूर्वा दोन पावलं मागे सरली.

पोस्टर वाकडच्या चौकात लागलं. अनंतरावांनी स्कूटर काढली आणि दोघं बघायला गेली. दोन मजली उंच फ्लेक्स. केशरी आभाळ, बसचं काळं स्टिअरिंग आणि त्यावर हेमाताईंचा चेहरा, पिकल्या केसांसकट, सुरकुत्यांसकट. मुलगा आणि सून खाली उजवीकडे. नेहमीसारखी वाहतूक तुंबली होती आणि कंपन्यांच्या बसमधली माणसं खिडकीतून मान वर करून बघत होती. अनंतरावांनी पोस्टर नेहमीसारखं नीट निरखलं. पण या खेपेला टोमणा मारला नाही.

पहिल्या दिवशी थिएटर निम्मं रिकामं होतं. शेठनी फोनवर एक लांब सुस्कारा ऐकवला. पण पुढच्या आठवड्यात दुपारच्या खेळाला बायका यायला लागल्या. भिशीच्या, भजनी मंडळाच्या, आणि एक दिवस हिंजवडीच्या इमारतींत साफसफाई करणाऱ्या, गणवेशातच. सुट्टी मिळताच थेट आल्या होत्या.

त्या दिवशी हेमाताई थिएटरवर आल्या होत्या; सिनेमा सुटल्यावर या बायकांनी त्यांना गराडा घातला. त्यांच्यातली मुक्ताई नावाची एक पुढे झाली. "आमी पिच्चरला येत न्हाई, ताई. पर रोज जाता-येता ह्ये चित्र दिसायचं. म्हटलं, ही बाई रडत न्हाई, हात बी जोडत न्हाई. कोन हाय बघू तरी."

शेठही त्या दिवशी आले होते. "चेहरा मोठाच पाहिजे," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी पहिल्यापासून सांगत होतो." अपूर्वाने डोळे वटारले. हेमाताई मात्र मनापासून हसल्या. आज शेठनाही श्रेयाचा वाटा देण्याएवढं पुष्कळ होतं त्यांच्याकडे.

बायकांच्या घोळक्यातून त्या बाहेर आल्या तेव्हा अनंतराव पायऱ्यांवर उभे होते. शेजारी उभा असलेला एक अनोळखी गृहस्थ पोस्टर बघत त्यांना विचारत होता, "नवीन आहे का हो ही नटी?"

"छे," अनंतराव ताठ होत म्हणाले, "जुनीच आहे. आमच्या सौभाग्यवती. बस खरोखर चालवतात."