एकशे चाळीस मीटर फळ्या

जर्मनीत वोल्फ्सबुर्गला आल्यावर नवव्या वर्षी चारुलता सायकल चालवायला लागली, आणि सहा महिन्यांत ती इतकी चालवायला लागली की तिच्या नवऱ्याला, कुमारला, काळजी वाटू लागली.

कुमार कारखान्यात गिअरबॉक्सवर काम करायचा. चारुलताही मेकॅनिकलचीच इंजिनिअर, पुण्यात असताना क्रेनचे आराखडे करायची. इथे पहिली चार वर्षं तिच्या व्हिसावर कामाची परवानगी नव्हती. ती मिळाली तेव्हा मुलगी अन्वी लहान होती, मग जर्मनचे कोर्स झाले, मग अर्ज. "मधल्या काळात आपण काय केलंत?" असं प्रत्येक ठिकाणी विचारायचे, आणि तिला उत्तर सुचायचं नाही. घरात ती एका जागी बसत नसे. एकदा कुमार ऑफिसातून आला तर दिवाणखान्यातलं कपाट तिने एकटीने ओढून बेडरूममध्ये नेलं होतं.

"कशाला?" त्याने विचारलं.

"तिकडे बरं दिसेल असं वाटलं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी ते परत दिवाणखान्यात होतं.

मग तिने जुनी माउंटन बाइक घेतली आणि सायकलवाल्यांच्या एका फेराइनमध्ये, म्हणजे तिथल्या क्लबमध्ये, नाव घातलं. या सपाट मुलखात डोंगर कुठला, पण गाडीने अर्ध्या तासावर एक मोठं मोअर होतं, पीटची, म्हणजे कुजलेल्या शेवाळाच्या थरांची, दलदल. जुन्या काळी तिथून जळणासाठी पीट कापून नेत. आता ते राखीव होतं. कडेने जुन्या पीटगाडीच्या रुळांचा बांध होता, त्याच्यावरून मुळं चुकवत, चिखल उडवत ही मंडळी जायची. फेरीचा म्होरक्या टॉर्स्टेन, पस्तिशीचा, परांच्या बांधणाऱ्या कंपनीत कामाला.

"इथून सरळ पलीकडे जाता आलं ना," तो एकदा बांधावर थांबून म्हणाला, "तर ट्रेल काय होईल! पण मध्ये सगळं पाणी. फळ्या टाकल्या तर बुडतात."

चारुलताने समोर पाहिलं. तांबूस शेवाळ, काळं पाणी, मधूनमधून बर्चची किरकोळ झाडं.

"नुसत्या टाकल्या तर बुडतीलच," ती म्हणाली. "खाली आडव्या बल्ल्या घालायच्या. वजन पसरलं की तरंगेल."

त्या रात्री तिने अन्वीच्या गणिताच्या वहीतली मागची पानं फाडून हिशोब केला. किती वजन, किती अंतरावर बल्ली, वळणावर किती रुंदी. कित्येक वर्षांनी हातात पेन्सिल थांबत नव्हती.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दलदल गोठलेली असताना, चार-पाच जणांनी ते काम केलं. टॉर्स्टेनने परांचीच्या जुन्या फळ्या आणल्या. बांधाच्या टोकाला हिरव्या त्रिकोणाची पाटी होती: राखीव क्षेत्र, वाट सोडू नये. चारुलताने ती पहिल्याच दिवशी वाचली होती. बर्फात सगळं मेल्यासारखं दिसत होतं. इथे कोणाला काय त्रास होणार, असं तिने मनाशी म्हटलं आणि पाटीकडे परत पाहिलं नाही.

मार्चमध्ये ट्रेल सुरू झाली. एकशे चाळीस मीटर. सायकल फळीवर चढली की खाली दलदल हलकी दबायची आणि मागे परत वर यायची. कुणी तोल जाऊन पडलं की मांडीपर्यंत काळं व्हायचं आणि बाकीचे हसायचे. बातमी पसरली, शेजारच्या ब्राउनश्वाइग शहरातून पोरं यायला लागली. चारुलता आठवड्यातून चारदा जायची. घरी आली तरी तिची बोटं टेबलावर वाजत राहायची.

"आई, तू सारखी तिकडेच का असतेस?" अन्वीने जर्मनमध्ये विचारलं. ती बारा वर्षांची होती. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये.

"मी बांधलंय ते."

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी ती एकटीच गेली. फळ्यांच्या पलीकडच्या टोकाला एक बाई उभी होती. पांढरे आखूड केस, रबरी बूट, तिपाईवर दुर्बीण. चारुलता ब्रेक दाबून उतरली.

"ल्यूडर्स," बाईंनी नाव सांगितलं. "शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. आता या मोअरची राखण करते." त्यांनी बुटाने फळी दाबून पाहिली. "चांगलं काम आहे. विचार करून केलेलं. कोणी केलं?"

चारुलताला गप्प बसता आलं असतं. पण हा प्रश्न नऊ वर्षांत कोणी विचारला नव्हता.

"मी," ती म्हणाली.

"आल्झो, असं तर," ल्यूडर्सबाई म्हणाल्या आणि दुर्बिणीपासून बाजूला झाल्या. "मग तुम्हीच पाहा."

दुर्बिणीत आधी नुसतं गवत दिसलं. मग गवताचा एक चपटा ढीग, पाण्याने वेढलेला, त्यावर दोन मोठी, करडी ठिपक्यांची अंडी.

"क्रौंचाची आहेत," ल्यूडर्सबाई मागून म्हणाल्या. "सहा वर्षं ही जोडी इथेच येते. अंड्यांवर आळीपाळीने बसतात, महिनाभर. परवापासून दोघंही बसलेली नाहीत. सायकल गेली की उठतात. परत यायला तास लावतात, तेवढ्यात दुसरी सायकल. आता अंडी थंड झाली."

"आत्ता कुठे आहेत ती?"

बाईंनी हात केला. दूर बर्चच्या रांगेपाशी दोन उंच राखाडी पक्षी उभे होते. खात नव्हते, उडत नव्हते. नुसते पाय बदलत उभे होते.

चारुलता खाली वाकली आणि फळीचा स्क्रू बोटांनीच फिरवू लागली.

"मी काढते. आजच काढते सगळं."

"नाही!" ल्यूडर्सबाई पहिल्यांदाच जोरात बोलल्या. "आता आत पाऊलसुद्धा टाकायचं नाही. दलदलीत अजून दोन जोड्या बसल्यात. ही जोडीही कदाचित पुन्हा घालेल. ऑगस्टपर्यंत कोणी आत जायचं नाही. तुम्हीही नाही."

"ऑगस्ट? चार महिने?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. फार तर दोन्ही टोकांच्या पहिल्या फळ्या काढा. तेवढं मी उभी राहून करू देते."

त्या दुपारी बाईंच्या देखत तिने दोन्ही टोकांच्या सहा-सहा फळ्या काढून बांधावर रचल्या. संध्याकाळी टॉर्स्टेनचा फोन आला.

"तू काढल्यास?"

"हो."

"वेड लागलं का तुला? चार महिने राबलोय आपण!"

"अंडी मेली, टॉर्स्टेन."

"पक्षी आहेत ते. दुसरीकडे जातील. तू आमच्याशी बोलायचं तरी होतंस."

"बोलले असते तर तू काढू दिलं असतंस?"

त्याने फोन ठेवला. त्यानंतर फेराइनमधून तिला कोणी फेरीला बोलावलं नाही. तिने स्वतः राखीव क्षेत्राच्या कार्यालयाला पत्र लिहिलं: आराखडा माझा, पाटी मी वाचली होती.

मे महिना तिने कसा काढला ते कुमारलाच ठाऊक. ती पहाटे उठून फरशी पुसायची. स्वयंपाक करता करता गॅस बंद करून बाल्कनीत जायची, परत यायची. दोनदा गाडी घेऊन बांधापर्यंत गेली, पाटीशी उभी राहिली आणि परतली. नुसतं थांबून राहणं हे काम तिने कधी केलंच नव्हतं.

"तू मुद्दाम नाही केलंस," कुमार म्हणाला.

"पाटी वाचली होती मी, कुमार. मला बांधायचं होतं म्हणून मी ती वाचली नाही असं ठरवलं." ती उठली, परत बसली. "आणि खरं सांगू? अजूनही त्या वळणाचा विचार आला की मला छान वाटतं. ते बरोबर जमलं होतं."

कुमार उठून स्वयंपाकघरात गेला. त्याने तिच्यासाठी चहा केला. ती तो उभ्यानेच प्यायली.

जूनमध्ये ल्यूडर्सबाईंनी कळवलं की बाकीच्या दोन जोड्यांची मिळून तीन पिल्लं आहेत. तिसऱ्या जोडीने पुन्हा अंडी घातली नाहीत. महिनाभर दलदलीत भटकून ती निघून गेली.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी फळ्या काढायची परवानगी मिळाली. कुमार आणि अन्वी दोघंही आले. तिघांनी टोकापासून सुरुवात केली. फळी सुटी करायची, मागे सरकवायची, मग खालच्या बल्ल्या उपसायच्या. बल्ल्या फुगून जड झाल्या होत्या, ओढल्या की पीट चोखल्यासारखा आवाज करायचं. डास चावत होते. अकराच्या सुमारास बांधावर टॉर्स्टेनची गाडी येऊन थांबली. तो उतरला आणि हातमोजे घालून फळ्या गाडीत चढवू लागला. दुपारी चारुलताने त्याच्यापुढे पराठ्यांचा डबा धरला. त्याने एक घेतला.

"इतके स्क्रू कशाला मारलेस?" तो खाता खाता म्हणाला.

"निघू नयेत म्हणून," ती म्हणाली.

दुसऱ्या शनिवारी काम संपलं. जिथे फळ्या होत्या तिथे काळा लांबलचक पट्टा उरला, शेवाळ दबून मेलेलं. त्यात हळूहळू पाणी भरत होतं.

"हे भरून यायला किती दिवस?" चारुलताने ल्यूडर्सबाईंना विचारलं.

"दिवस?" बाई हसल्या. "शेवाळ वर्षाला जेमतेम एखादा मिलिमीटर पीट बनवतं. वरचा हिरवेपणा तीन-चार वर्षांत येईल. पाणी राहिलं तर."

"तोवर काय करायचं?"

"वाट पाहायची."

"मला ते जमत नाही," चारुलता म्हणाली.

ल्यूडर्सबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग दलदलीतल्या बर्चच्या झुडपांकडे बोट दाखवलं. "ही सगळी पाणी पितात. ती वाढली की मोअर वाळतं. ऑक्टोबरपासून आम्ही दर शनिवारी उपटतो. आठ-दहा म्हातारे आहोत, कंबर कोणाची धड नाही."

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी चारुलता गेली. मग दर शनिवारी. रोप बुंध्याशी धरायचं, थोडं वाकवायचं, मुळासकट ओढायचं. कधी अन्वी यायची, बहुतेक वेळा यायची नाही. मंडळी एका रांगेत सावकाश पुढे सरकायची, गप्पा मारत, थर्मासमधली कॉफी पीत. चारुलता मात्र रांग सोडून पन्नास पावलं पुढे गेलेली असायची, गुडघ्यापर्यंत पाण्यात, दोन्ही हातांनी उपटत.

"फ्राउ चारुलता!" ल्यूडर्सबाई मागून ओरडायच्या. "मागे या! तिकडची जमीन धरत नाही!"

ती मागे यायची. दहा मिनिटांनी परत पुढे.