तांदळात ठेवलेला गुरू

मित्रांनो, मनुष्यजातीला ज्ञानाचा पहिला उजेड दाखवण्यासाठी माझा जन्म झाला. हे मी मनाचं सांगत नाही, माझ्या खोक्यावर छापलं होतं. त्याखाली 'ओलाव्यापासून दूर ठेवा' असंही छापलं होतं, पण ते बारीक अक्षरात.

मी एक जुना टॅबलेट आहे. वय दोन वर्षं. आमच्या जातीत एवढ्या वयातच पिकलं पान होतं. शारजातल्या एका दुकानातून मला तिथं नोकरीला असलेल्या एका बापाने विकत घेतलं आणि खजूर व अंगाचे साबण यांच्या मधोमध बसून मी केरळात पय्यन्नूरजवळ त्याच्या सासुरवाडीला आलो. घरात त्याची साडेतीन वर्षांची मुलगी वैगा होती. तिला अक्षरं यावीत म्हणून माझ्यात एक खेळ भरला होता. पडद्यावर ठिपक्यांचं मल्याळम अक्षर येई. त्यावरून नीट बोट फिरवलं की एक हिरवा पोपट पंखांनी टाळ्या वाजवी. चुकलं तर म्हणे, "अरेरे! पुन्हा करून बघ!" अशा संधी तीन.

पहिला महिना माझं फार कौतुक झालं. वैगा तासन्‌तास गप्प बसे, आणि लेकरू गप्प बसलं की ते शिकतंय असं मोठ्यांना वाटतं. खरं तर तिने हेरलं होतं की तीनदा कुठंही बोट आपटलं, की चौथ्यांदा पोपट स्वतःच अक्षर काढून दाखवतो. महिनाभर पोपटच शिकत होता.

हे पकडलं तिच्या आईने. प्रसीता इस्पितळात नर्स होती. "अगं लबाडे, अशाने पोपट पास होईल आणि तू घरी बसशील!" असं म्हणून तिने त्या दिवसापासून पद्धत बदलली. कामावरून आली की वैगाला मांडीवर घेऊन वीस मिनिटं बसायचं, जास्त नाही. एक अक्षर माझ्यावर गिरवायचं, मग मला पालथं घालून तेच अंगणातल्या वाळूत काढायचं. चुकलं तर हाताने वाळू सारखी करायची आणि पुन्हा. वाळूत पोपट नव्हता, तरी ती तिथंच जास्त रमे. मला हे जरा लागलं. पण अक्षरं तिला त्यानंतरच आली, हे मान्य केलं पाहिजे.

माझ्यामुळे खरी जखम झाली ती तिच्या आजोबांना. अंबू मास्तर हे त्यांचं नाव. दसऱ्याच्या सकाळी ताटातल्या तांदळात मुलाचं बोट धरून पहिलं अक्षर काढायचं, हा त्यांचा पस्तीस वर्षांचा मान. अर्ध्या गावाची बोटं त्यांच्या मुठीतून गेली होती. पण दोन वर्षांपासून त्यांचा हात कापत होता. गेल्या दसऱ्याला शेजाऱ्यांनी आपली मुलं देवळात नेली आणि "तिथं जरा गर्दीची मजा येते, मास्तर" असं सांगितलं. मास्तरांनी मान हलवली. हल्ली ती तशीही हलते. यंदा त्यांच्या वाट्याला एकच बोट उरलं होतं, नातीचं.

"तांदळाआधी काचेवर अक्षर?" ते म्हणाले. "मग मी ताटापुढे बसून काय करू, खडे निवडू?"

"अच्छन, लिहायचं तुम्हीच आहे," प्रसीता वडिलांना म्हणाली. "मी नुसती ओळख करून देतेय."

"ओळख करून द्यायला मी काय मेलोय?"

"मेलेला माणूस इतकं बोलत नाही," आतून त्यांची बायको, दाक्षायणी अम्मा, म्हणाली. "चहा निवतोय."

अष्टमीच्या संध्याकाळी घरातली पुस्तकं सरस्वतीपुढे ठेवली. प्रसीता कामावर होती. अम्माने मलाही उचललं. "लेकराचं पुस्तक हेच ना? मग हेच पूजेला." सगळ्या पुस्तकांना चंदन लागलं. माझं कपाळ कुठं ते तिला कळेना, म्हणून तिने सगळीकडे लावलं. चार्जिंगच्या खालच्या भोकाला तोंड समजून तिथं बोटभर भरलं. मित्रांनो, इतका मान मला कधी मिळाला नव्हता.

नवमीला वाचन-लेखन बंद. तरी मास्तर एकटेच ओट्यावर बसून मांडीवर बोट फिरवत होते. मला देव्हाऱ्यातून दिसत होतं. एकही रेघ सरळ जात नव्हती.

दशमीला सकाळी प्रसीताने पितळी ताटात तांदूळ पसरले. मास्तर धुतलेलं मुंडू नेसून बसले. "ये मोळे," म्हणत त्यांनी नातीला मांडीवर घेतलं, तिचं बोट धरलं आणि रीतीप्रमाणे 'हरि'मधला 'ह' सुरू केला. बोट थरथरलं, तांदूळ उडाले, अक्षर मधेच मोडलं. नेमकं तेव्हाच अम्माने मला ओल्या चंदनाचा शेवटचा टिळा लावला, तो भर पडद्यावर. मी जागा झालो. ठिपक्यांबाहेर पडलेला टिळा पोपटाने पाहिला आणि त्या शांततेत खणखणीत आवाजात म्हणाला, "अरेरे! पुन्हा करून बघ!"

कोणी हसलं नाही. मास्तरांनी हात काढून घेतला. "खरं बोलतोय तो," ते म्हणाले. "प्रसीता, हिला देवळात ने."

मला काहीतरी बोलायचं होतं. पण माझ्याजवळ पोपटाला दिलेली वाक्यंच होती.

वैगाने वळून त्यांच्याकडे पाहिलं. "मुत्तच्छन, रडायचं नाही. तीनदा मिळतं." मग तिने तळहाताने तांदूळ सारखे केले आणि आजोबांचं बोट आपल्या मुठीत घेतलं. "आता हळू. मी धरलंय."

दोघांनी मिळून 'ह' काढला.

"वाकडा झालाय," अम्मा म्हणाली.

"असू दे. माझा आहे," मास्तर म्हणाले.

"माझा पण!" म्हणत वैगाने टाळ्यांसाठी माझ्याकडे पाहिलं. चंदन माझ्या आतपर्यंत पोचलं होतं आणि मी विझलो होतो. शेवटी अम्मानेच वाटी खाली ठेवून चंदनाच्या हातांनी टाळ्या वाजवल्या.

मित्रांनो, माझं मागणं थोडकं आहे. मुलाला माझ्यापुढे बसवाल तर त्याच्यामागे तुम्हीही बसा. मी अक्षर दाखवू शकतो, बोट धरू शकत नाही. आणि माझ्या भोकात काही भरू नका.

संध्याकाळी प्रसीताने सुईने माझं तोंड साफ केलं. ओल ओढली जावी म्हणून त्याच ताटातल्या तांदळात मला सात दिवस पुरून ठेवलं.

आठव्या दिवशी मला बाहेर काढलं. मी सुरू झालो नाही. तांदळाची खीर केली.