दुधातले किडे

बेकरीच्या वरच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. जिन्यापर्यंत बायकाच बायका, आणि मध्ये खुर्चीत ऐसपैस पसरलेला दूधबाबा. त्याच्यासमोर बाळाला घेऊन बसलेली एक बाळंतीण आणि तिची सासू.

"हिच्या दुधात किडे पडलेत!" बाबा गरजला. "म्हणूनच पोराला पिवळी, पातळ शी होते!"

आपल्या वाटीत बाळंतिणीचं दूध घेऊन त्याने बोटाने ढवळलं आणि हळदीने रंगवलेल्या फडक्यावर ओतलं. फडकं लालभडक! बायकांचे हात आपोआप जोडले गेले. सासूने तिथेच फर्मान काढलं, अंगावरचं दूध बंद, बाबांचं शुद्धिजल सुरू.

शुद्धिजल म्हणजे साखरेचं पाणी, वर बाबाची फुंकर. बाळंतिणीची छाती दगडासारखी ठणकत होती आणि पलीकडे बाळ भुकेने किंचाळत होतं. दुसऱ्या दिवशी ते रडेनासं झालं. मग मात्र तिने कुणाला विचारलं नाही. बाळ उचललं आणि तडक दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी बाळाला तपासलं आणि आधी तिच्या छातीशी दिलं. बाळ अधाशासारखं पिऊ लागलं.

"पण बाई, किडे?"

"किडे नाहीत, जंतू आहेत. आणि ते असायलाच हवेत! जन्मताना, तुझ्या कुशीत, तुझ्या दुधातून ते बाळाच्या आतड्यात वस्तीला जातात. दुधातली एक साखर बाळाला पचतच नाही. ती या जंतूंचं जेवण. ते पोसले की रोगाच्या जंतूंना थारा मिळत नाही. आणि अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पिवळी, पातळच असते."

"मग फडकं लाल कसं झालं?"

"वाटी कुणाची होती?"

बाळंतीण चपापली. "त्याचीच!"

दोघी थेट बेकरीवर गेल्या. वर बाबाची बैठक भरलेलीच होती, आणि बायकांमध्ये सासूही. बाळंतिणीने बाबाची वाटी उचलली, नळाचं पाणी भरून ढवळलं आणि फडक्यावर ओतलं. लाल!

"काय हो बाबा, नळाच्याही दुधात किडे पडले?"

"पाण्यालाही बाधा झालीय! घोर बाधा!" बाबाला घाम फुटला.

डॉक्टरीणबाईंनी वाटीचा तळ नखाने खरवडला. पांढरा थर निघाला. "चुना. हळदीला लागला की लाल होते. यानं वाटीला लावला आणि तुम्हा सगळ्यांनाही!"

मग वाटी घासून बाळंतिणीने त्यात स्वतःचं दूध काढलं आणि फडक्याच्या कोरड्या टोकावर ओतलं. ते पिवळंच राहिलं.

सासूने सुनेचा हात धरला. "मी माझ्याच नातवाला उपाशी ठेवलं गं..."

बाबा जिन्याकडे सरकत होता. बायकांनी वाट अडवली.

"बाळाची काळजी वाटली तर दवाखान्यात या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि कुणी चमत्कार दाखवायला आला, तर हात जोडण्याआधी त्याला भांडं घासायला लावा."