राणीच्या दालनातली झोप

या वेळी नर्स आली नाही तर मैत्री संपली, असं पार्लरवालीने ठरवून टाकलं होतं. शाळेपासूनची मैत्रीण असली म्हणून काय झालं? गेल्या काही महिन्यांत नर्सने प्रत्येक बेत ऐनवेळी मोडला होता. कधी ड्यूटी, कधी सासूचं दुखणं, कधी नुसतंच ‘आज नाही गं जमत’. राजवाड्याचा बेत तर दोनदा बारगळला होता. शेवटी पार्लरवालीने फोनवर स्पष्टच सांगितलं, की सोमवारी माझी सुट्टी असते, मी बसस्टँडवर उभी राहते, नाही आलीस तर पुन्हा तोंड दाखवू नकोस.

नर्स आली. रात्रपाळी संपवून थेट आली होती. केस कसेबसे बांधलेले, पायांत हॉस्पिटलातलेच पांढरे बूट. बसमध्ये पार्लरवाली खिडकीतून हे बघ, ते बघ करत राहिली आणि नर्स नुसती ‘हं’ म्हणत राहिली. आली खरी, पण मारूनमुटकून, असं पार्लरवालीला वाटलं आणि तिचं तोंड फुगलं.

राजवाड्यात दोघी गाइडच्या घोळक्याबरोबर शिरल्या. दरबारात गाइडने राजाच्या सात पिढ्यांचा इतिहास सांगितला, तोवर नर्स खांबाला टेकून उभी होती. पुढे राणीचं दालन आलं. दोरीपलीकडे छत असलेला भलामोठा पलंग, अलीकडे भिंतीशी पाहुण्यांसाठी एक बाक. ‘तू हो पुढे, मी बूट जरा सैल करते,’ असं म्हणून नर्स बाकावर टेकली.

पार्लरवाली शस्त्रागाराच्या दारापर्यंत पोचली, तरी हिचा पत्ता नाही. तणतणत ती मागे आली. नर्स बसल्या जागी कलंडून गाढ झोपली होती. एक बूट तसाच हातात.

तिने खांदा धरून हलवला. नर्स डोळे न उघडताच म्हणाली, “उठू नका आई, लघवीचं भांडं मीच आणते.” आणि पुन्हा झोपली.

पार्लरवालीने बूट सोडवून खाली ठेवला आणि शेजारी बसली. डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं, गाल आत गेलेले. दिवसभर ती बायकांचे चेहरेच तर बघत असे, आणि हा चेहरा मात्र तिने नीट पाहिलाच नव्हता.

दालनावर नजर ठेवणारी एक पोक्त बाई होती. ती जवळ येऊन म्हणाली, की इथे झोपायला परवानगी नाही. चक्कर आली असं ठोकून द्यावं, असं पार्लरवालीच्या मनात आलं, पण तिने खरं तेच सांगितलं. बाईने पांढऱ्या बुटांकडे पाहिलं. मग कोपऱ्यातून दोरी अडकवायचे दोन ठेंगणे खांब ओढत आणले आणि बाकाभोवती दोरी लावून टाकली.

“दोरीच्या आत कुणी येत नाही,” ती म्हणाली. “फक्त घोरू देऊ नका.”

घोळक्यामागून घोळके येत राहिले. लोक एकदा पलंगाकडे बघत, एकदा बाकाकडे. एका आजोबांनी पुतळा मेणाचा आहे का, अशी चौकशी केली.

“नाही,” बाई म्हणाली. “पण हात लावू नका.”

नर्स उठली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. किती बघायचं राहिलं, असं तिने विचारलं आणि जवळजवळ सगळंच राहिलंय हे कळल्यावर ती रडकुंडीला आली. पार्लरवालीने तिला हाताला धरून बागेत नेलं आणि उकडलेल्या अंड्यांचा डबा पुढे केला. खाता खाता सगळं बाहेर आलं. सासूला बघणारी थोरली जाऊ बदलीच्या गावी निघून गेली होती. रात्री हॉस्पिटल, दिवसा सासू. नवरा करायला तयार, पण म्हातारीला मुलाच्या हातून अंग पुसून घ्यायची लाज वाटे. आज सासूपाशी बसायला तिने कालच शेजारणीच्या हातापाया पडून तिला तयार केलं होतं.

“मग सांगायचं नाही मला?”

“सांगितलं असतं तर तू बेत रद्द केला असतास,” नर्स म्हणाली. “आणि मला यायचं होतं.”

पार्लरवालीने आणखी एक अंडं सोलून तिच्या हातात दिलं.

पुढच्या सोमवारी ती कात्री-कंगवा घेऊन सकाळीच नर्सच्या दारात हजर झाली. सासूबाईंच्या कपाळाला आठी पडली. परक्या बाईकडून सेवा करून घ्यायची नाही, असं त्यांनी बजावलं. पार्लरवालीने वाद घातला नाही. नर्सला झोपायला आतल्या खोलीत पाठवून दार लोटून घेतलं, म्हातारीच्या मागे उशी लावली आणि जटा झालेले केस हलक्या हाताने विंचरायला लागली. एकेक गुंता सुटत गेला. मग सासूबाईंनी आरसा मागितला, मान इकडेतिकडे वळवून पाहिली आणि म्हणाल्या, “मागून जरा कमी कर.”